भूजल आणि हवामानावर फंडेड पीएचडी करताय? मग या चुका टाळा

पहिली चूक अर्जातच होते. प्रपोजलचं नाव काय तर 'हवामान बदलाचा भूजलावर होणारा परिणाम'. अहो पण कुठल्या खडकातलं पाणी, किती वर्षांच्या नोंदी, विहिरी किती? हे नसेल तर निवड करणाऱ्याला तुमच्यात आणि बाकीच्या अर्जांत फरक दिसणार कसा. आधी डेटा हातात घ्या, निदान तो मिळतो का ते तरी बघा, आणि मग प्रश्न ठरवा, बहुतेक जण उलटं करतात आणि दुसऱ्या वर्षी डोक्याला हात लावून बसतात.

'फंडेड' शब्दावर पण भाळू नका. स्टायपेंड आहे, फी माफ आहे, छान. पण फिल्डवर नेणारी गाडी, लॉगर (विहिरीत सोडलं की पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र), पाण्याच्या सॅम्पलची आयसोटोप टेस्ट (पाणी कुठून आलं याचा माग काढणारी) हे कोण देणार? पैसे 3 वर्षांचे आणि काम 4 वर्षांचं असं गणित असेल तर शेवटचं वर्ष कसं काढायचं ते गाईडला आधीच विचारा, लाजायचं काही कारण नाही. पाण्याचं एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक भरण आणि एक उतार, मोजायलाच 12 महिने जातात, ते घाईने होत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. पाणीपातळी खाली गेली की दोष पावसाला. माझ्या एका विहिरीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसत होता, रोज रात्री खाली, सकाळी हळूहळू वर. मी तीन आठवडे त्यात तापमान आणि बाष्पीभवन शोधत बसले. शेवटी तिथे रात्री जाऊन उभी राहिले तर शेजारच्या बोअरचा पंप सुरू! म्हणजे ती पातळी हवामानाची नव्हतीच, उपशाची होती. उपसा वेगळा काढल्याशिवाय हवामानाबद्दल बोलूच नका. उपशाची नोंद नसेल तर विजेचा वापर, पिकाखालचं क्षेत्र, काहीतरी पर्यायी धरा, पण तो रकाना रिकामा ठेवू नका.

रिकाम्या रकान्यावरून आठवलं. विहीर कोरडी पडली की रीडिंग मिळत नाही, मग सरासरी काढताना ती विहीर गळते, आणि नेमकी दुष्काळी वर्षात सरासरी पातळी बरी दिसायला लागते. खोटं कोणी बोललेलं नसतं, तरी आकडा खोटा. 'कोरडी' आणि 'मोजली नाही' हे दोन वेगळे कोड ठेवा.

पातळीवरून थेट पाण्याचा साठा काढणं ही पण नेहमीची गडबड. 1 मीटर घट म्हणजे किती पाणी गेलं? स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा, 2 टक्के असलेल्या कठीण खडकात 20 मिलिमीटर, 20 टक्के असलेल्या वाळूत 200 मिलिमीटर. दहापट फरक! आणि पुनर्भरण काढताना तर जास्तच जपा. समजा पाऊस 800 मिलिमीटर, बाष्पीभवन आणि झाडांनी घेतलेलं 650, वाहून गेलेलं 80, तर मुरलं 70. त्या 650 मध्ये 10 टक्के चूक झाली तर 65 मिलिमीटर इकडेतिकडे, म्हणजे अख्खं पुनर्भरणच चुकीत गेलं. म्हणून एकाच पद्धतीवर विसंबू नका, क्लोराइड पद्धत (पावसातल्या आणि भूजलातल्या क्लोराइडची तुलना) किंवा पातळीच्या चढउताराची पद्धत जोडीला घ्या.

पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बदल टिपणाऱ्या ग्रेस उपग्रहांचा डेटा फुकट मिळतो म्हणून सगळे तिकडे धावतात. तो भूजल मोजतच नाही, जमिनीतला ओलावा, बर्फ, तलाव, भूजल सगळ्याच्या बेरजेतला बदल देतो, बाकीचं तुम्हालाच वजा करायचंय. शिवाय त्याची नजर साधारण 300 किलोमीटरची, एका छोट्या पाणलोटासाठी तो निरुपयोगी. 2017 मध्ये पहिली मोहीम संपली आणि तिची पुढची मोहीम ग्रेस-एफओ 2018 मध्ये अवकाशात गेली, मधल्या महिन्यांचं भगदाड रेष ओढून बुजवू नका.

भविष्याचा अंदाज एकाच हवामान मॉडेलवर बांधू नका, अनेक घ्या, बायस (मॉडेलची सतत एकाच बाजूला झुकणारी चूक) दुरुस्त करा आणि मॉडेलांमधला फरक लपवू नका. पाऊस वाढला म्हणजे मुरणं वाढलं असंही नसतं, चार तासांत कोसळलेला पाऊस बराचसा वाहून जातो.

शेवटचं लॉगरचं. साधा लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो. हवेचा दाब 20 हेक्टोपास्कलने उतरला तर पाणी जागचं हललं नसलं तरी तो जवळपास 20 सेंटिमीटर घट दाखवतो, म्हणून हवेचा दाब मोजणारा दुसरा लॉगर जवळपास ठेवाच. आणि दर भेटीला टेप सोडून हाताने पातळी मोजा, वेळ लिहा, पंप चालू होता का तेही लिहा. सहा महिन्यांनी रीडिंग सरकलेलं सापडलं तर ती वही सोडून दुसरा पुरावा तुमच्याकडे नसतो.