शाळांचं नेटवर्क राखायचं तर आधी मुलांच्या फायली शोधा

मी अमेरिकेतल्या एका मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टचं नेटवर्क सांभाळते. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागासारखं समजा, फक्त त्याचं मंडळ बहुतेक ठिकाणी वेगळं निवडून येतं. आमच्या साठ-एक शाळा आहेत आणि जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हातात क्रोमबुक हा छोटा लॅपटॉप आहे. आपली बरीच मंडळी इथे हे काम करतात, काही जण पुण्या-नाशिकहून कंत्राटावर करतात. ज्यांच्याकडे ते नव्याने आलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

नवीन माणूस पहिल्या दिवशी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, बघायला जातो. माझं ऐकाल तर आधी शाळेतल्या समुपदेशकांकडे जा. मुलांचे अहवाल कुठे ठेवता, एवढंच विचारा. 2023 मध्ये मिनियापोलिसच्या शाळांवर मेडुसा नावाच्या हॅकर टोळीने हल्ला केला आणि 10 लाख डॉलर मागितले. पैसे मिळाले नाहीत तेव्हा चोरलेल्या फायली त्यांनी सरळ इंटरनेटवर टाकल्या. त्यात मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी होत्या, मानसिक आजारांच्या नोंदी होत्या. सर्व्हर नवीन आणता येतो, पासवर्ड बदलता येतो. एखाद्या मुलीची उघड झालेली तक्रार परत झाकता येत नाही. त्या बातम्या वाचल्यावर मी आमचा सामायिक ड्राइव्ह उघडला. ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये आणखी एक ‘जुने’ होता, त्यात 2011 पासूनचे विशेष शिक्षणाचे अहवाल होते, आणि ते फोल्डर डिस्ट्रिक्टच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला उघडत होतं. कँटीनच्या काउंटरवरच्या लॉगिननेसुद्धा.

म्हणून पहिलं काम हे. सगळ्या शेअरची, म्हणजे सामायिक फोल्डरांची, यादी काढा आणि ‘सर्वांना परवानगी’ असलेले वेगळे करा. कागद किती वर्षं ठेवायचे याचा तक्ता राज्याच्या नियमांत असतो. रेकॉर्ड विभागाकडून तो घ्या आणि मुदत संपलेलं त्यांच्या लेखी संमतीने काढून टाका. उरलेलं फक्त ज्यांचं काम आहे त्यांनाच उघडेल असं करा. दोन समुपदेशक बाईंबरोबर मी चार दुपारी बसले. एकेक फोल्डर उघडायचं, त्या सांगतील तसं करायचं. हे काम एकट्याने करू नका. कुठला कागद किती नाजूक आहे ते त्यांना कळतं, आपल्याला नाही.

हीच गोष्ट बाहेरच्या कंपन्यांना लागू आहे. डिसेंबर 2024 मध्ये शाळांसाठी विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या पॉवरस्कूल कंपनीवर हल्ला झाला तो मदत-पोर्टलच्या एका चोरलेल्या पासवर्डने. पासवर्डनंतर कोड किंवा की मागणारी दुसरी पडताळणी तिथे नव्हती. ज्याने गुन्हा कबूल केला तो 19 वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी होता. कित्येक ठिकाणी शाळा सोडून वर्षं झालेल्या मुलांचीही माहिती गेली, कारण ती तिथे पडून होती. करार करताना दोन गोष्टी लिहून घ्या: त्यांच्या माणसांच्या लॉगिनला दुसरी पडताळणी असेल, आणि आपण सांगू तेव्हा जुनी माहिती पुसली जाईल. आपल्या सर्व्हरवर त्यांना लागणारा दुरुस्तीचा प्रवेश कायम उघडा ठेवू नका. फोन आला की उघडा, काम झालं की बंद करा.

आता अकाउंट. दुसरी पडताळणी सगळ्या कर्मचाऱ्यांना हवी, आणि सुरुवात पगार विभाग आणि आपण स्वतः इथून करायची. शिक्षकांची तक्रार येणारच की माझा खासगी फोन मी शाळेच्या कामाला का वापरू? तक्रार रास्त आहे. त्यांना किल्लीच्या जुडग्यात अडकवता येईल अशी यूएसबी सिक्युरिटी की द्या. खोट्या लॉगिन पानापुढे ती फोनवरच्या कोडपेक्षा पक्की असते, कारण साइट खरी नसेल तर ती उघडतच नाही. अॅडमिनचं अकाउंट वेगळं असू द्या आणि त्यावरून मेल वाचू नका. मुलांचे पासवर्ड जन्मतारखेवरून किंवा कँटीनमध्ये जेवण घेताना द्यायच्या नंबरवरून बनवले असतील तर येत्या सुट्टीत बदला. सहावीतल्या मुलांना मित्राची जन्मतारीख पाठ असते. निवृत्त झालेल्यांची अकाउंट शोधायला मनुष्यबळ विभागाची पगारयादी घ्या आणि अकाउंटच्या डिरेक्टरीशी ताडून बघा. आमच्याकडे अशी तीनशेच्या वर निघाली, आणि त्यातली काही अकाउंट दुसऱ्याच्या जागी तात्पुरते येणारे शिक्षक अजून आपापसांत वापरत होते.

नेटवर्कचे भाग पाडणं हे सगळ्यात वेळखाऊ. मुलं, कर्मचारी, सर्व्हर, कॅमेरे, पाहुणे आणि इमारतीची यंत्रं, म्हणजे एसी, घंटा, दारांची कुलुपं, यांची व्हीलॅन (त्याच तारांवर आखलेली आभासी नेटवर्क) वेगळी ठेवा. नुसती वेगळी करून भागत नाही, त्यांच्यामध्ये काय जाऊ द्यायचं तेही फायरवॉलवर लिहावं लागतं. एसीच्या कंट्रोलरला पगाराच्या सर्व्हरशी बोलायचं काही कारण नाही. पण कागदावर आखण्याआधी शाळेत जाऊन बघा. एका प्राथमिक शाळेत नेटवर्कच्या उपकरणांचं आमचं रॅक सफाईच्या खोलीत आहे. शेजारी पोछा पिळायचं सिंक, वर ब्लीचच्या बाटल्या, आणि दाराला खडूचा डबा लावून ते दिवसभर उघडं ठेवलेलं. त्याच शाळेत एका वर्गात टेबलाखाली एका तारेवर अनेक यंत्रं जोडणारा पाच पोर्टचा निळा स्विच मिळाला. प्रिंटरसाठी बाईंनी पदरचे पैसे घालून आणला होता. त्यांना रागावले नाही. आधी प्रिंटरसाठी वेगळा पोर्ट ओढून दिला, मग तो स्विच काढला. गरज भागवल्याशिवाय काढला असता तर पुढच्या महिन्यात दुसरा आला असता. मोकळे पोर्ट बंद ठेवा आणि चालू पोर्टवर ओळख पटल्याशिवाय प्रवेश देऊ नका. जुन्या प्रिंटरना हे जमत नाही, त्यांना स्वतंत्र, बांधून टाकलेला भाग द्या.

बॅकअपबद्दल थोडक्यात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. त्यातली एक तरी अशी हवी की अॅडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तरी ती पुसता येणार नाही. बॅकअपचा सर्व्हर मुख्य डोमेनला, म्हणजे सगळी अकाउंट जिथून चालतात त्या यंत्रणेला, जोडू नका. आणि परत आणून बघा. आम्ही पहिल्यांदा विद्यार्थ्यांच्या माहितीचा सर्व्हर परत उभा करून पाहिला तेव्हा डेटा आला, पण लायसन्सची किल्ली ज्या सर्व्हरवर होती तोच हल्ल्यात बंद पडलाय असं आम्ही त्या सरावात धरलं होतं. दीड दिवस गेला. आता ती किल्ली छापून तिजोरीत आहे.

हल्ले बऱ्याचदा सुट्टीच्या तोंडावर येतात. बाल्टिमोर काउंटीच्या शाळांवर 2020 मध्ये आला तो नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दोन दिवस आधी. करोनामुळे वर्ग ऑनलाइन चालत होते, त्यामुळे शिकवणंच थांबलं. लॉस एंजेलिसच्या शाळांवर 2022 च्या सप्टेंबरातल्या लेबर डेला जोडून आलेल्या सुट्टीत आला. तिथे वेळीच लक्षात आलं, यंत्रणा नेटवर्कपासून तोडल्या आणि मंगळवारी शाळा भरल्या, पण मग पाच लाखांहून अधिक पासवर्ड बदलावे लागले.

म्हणून लांब सुट्टीच्या आधीच्या दुपारी मी ठरलेली कामं करते. बाहेरून आत यायचे मार्ग तपासते आणि ज्याला त्या दिवसांत नको त्याचा व्हीपीएन बंद करते. अॅडमिन गटात नवं नाव शिरलंय का ते बघते. बॅकअपचा शेवटचा निकाल स्वतः उघडून वाचते. रात्रीचा इशारा कोणाच्या फोनवर वाजणार हे नावानिशी ठरवते, आणि तो माणूस त्या रात्री विमानात नाही ना हे विचारते. सगळं नेटवर्क तोडायचा अधिकार त्याला अधीक्षकांनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, लेखी दिलेला असतो. पहाटे तीनला परवानगी मागायला कोणी भेटत नाही. शेवटी फोन नंबरचा कागद बदलते: अधीक्षक, वकील, विमा कंपनी, एफबीआयचं स्थानिक कार्यालय, फायबरवाला, बसचा प्रमुख, स्वयंपाकघराच्या बाई. बस आणि स्वयंपाकघर यासाठी, की संगणक बंद असतानाही सकाळी मुलं येणार असतात, आणि कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे ती यादी त्यांच्याकडे कागदावर हवी.