वकील शोधताना आणि फी ठरवताना

दिवाणी दाव्याचं समन्स हातात पडलं की आधी तारीख बघा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्ट कारण नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं, पण ती वाढणारच असं धरून चालू नका. महिनाभर ‘चांगला वकील’ शोधत बसणारे बहुतेक जण शेवटच्या दोन दिवसांत सापडेल त्याला वकीलपत्र (वकील नेमल्याचा सहीचा कागद) देतात.

कर्ज काढण्यापूर्वी किंवा दागिना मोडण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या; तिथून सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. ही कार्यालयं बहुधा कोर्टाच्या आवारातच असतात. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. सरकारी खर्चाने वकील फक्त अगदी गरिबांनाच मिळतो, हा समज खोटा आहे आणि त्याने लोकांचं फार नुकसान होतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले आरोपी आणि आपद्ग्रस्त यांना उत्पन्न कितीही असलं तरी हा हक्क आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. नोकरदार बाईसुद्धा पोटगीच्या किंवा वाटणीच्या दाव्यासाठी अर्ज करू शकते, हे घरोघरी माहीत व्हायला हवं.

अर्ज साधा असतो. ओळखपत्र, प्रवर्गाचा पुरावा किंवा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आणि प्रकरणाची कागदपत्रं जोडा. जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. अर्ज नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या, वकील बदलून मागा.

खासगी वकील नेमायचा असेल तर तुमचा दावा ज्या कोर्टात आहे तिथेच नियमित काम करणारा बघा. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे मोठ्या फलकावरून किंवा ‘हमखास निकाल’ अशा बोलण्यावरून काही ठरवू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. जमिनीचे दावे चालवतो की चेक परत गेल्याचे, ते तिथे दिसतं. सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) क्रमांक विचारायला संकोच करू नका. पहिल्या भेटीला सातबारा, फेरफार, नोटिसा, करार यांच्या झेरॉक्स तारखेच्या क्रमाने लावून न्या आणि घटनाक्रम एका पानावर लिहा. मूळ कागद स्वतःकडे ठेवा. कोर्टात हजर करायचे असतील तर देताना पोच घ्या.

फी ठरवताना सगळ्यात जास्त घोळ होतात, कारण आकडा ठरतो पण तो कशाचा हे ठरत नाही. दावा दाखल करण्यापासून निकालापर्यंतचे एकूण पैसे, की प्रत्येक तारखेचे वेगळे? मनाई हुकमाचा अर्ज, उलटतपासणी, अपील यात धरलंय का? कोर्ट फी, टायपिंग, नोटरी, नकला यांचा खर्च कोण करणार? हे सगळं एका कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने, शक्यतो बँकेतून द्या आणि रोख दिले तर पावती घ्या. ‘जिंकलो तर जमिनीतला हिस्सा’ किंवा ‘भरपाईतले इतके टक्के’ असा सौदा करायला बार कौन्सिलच्या (वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांनी वकिलाला मनाई आहे. असा प्रस्ताव आला तर दुसरा वकील बघा. आणि ‘साहेबांना द्यायचेत’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच उठा.

महाराष्ट्रात पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. दावा तयार होत असतानाच याची आठवण करून द्या.

कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. वकीलपत्रात तडजोडीचाही अधिकार लिहिलेला असू शकतो. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या एकाच प्रकरणाचा अक्षरं-आकडे मिळून १६ खुणांचा क्रमांक, मागून घ्या. त्यावरून पुढची तारीख मोबाइलवर पाहता येते. निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा, कारण जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस आणि उच्च न्यायालयातल्या अपिलाला ९० दिवसच मिळतात. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस या मुदतीत मोजले जात नाहीत, पण तुम्ही अर्ज उशिरा केलात तर तो उशीर मोजला जातो.

वकील बदलायचा असेल तर आधीच्याची ना-हरकत घ्या; तो देत नसेल तर कोर्टाची परवानगी मागता येते. फी थकली म्हणून वकील फाइल अडवून ठेवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलं आहे. फीची रक्कम वादात असेल तर ती वेगळी वसूल करता येते. गैरवर्तन झालं असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आहे, म्हणून पावत्या आणि लेखी बोलणी पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.