वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर: वाटी छोटी, पण प्रथिनं आधी

आपल्याकडे आजारी माणसाला पहिल्यांदा काय देतात? भाताची पेज, नाहीतर वरणावरचं पाणी. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अगदी पहिल्या दिवसांत पातळ पदार्थच घ्यायचे असतात, पण नुसत्या पेजेवर राहू नका. पेजेत पिष्ट, वरणाच्या पाण्यात प्रथिनं नावालाच. आणि दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती कमी पडली तर स्नायू झिजतात, केसही जास्त गळतात.

म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच तयारी करा. मुगाची डाळ मऊ शिजवून, घोटून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खडा म्हणजे साधारण दोन चमचे. भूक नसताना कुकर लावायची वेळ येत नाही, आणि किती पोटात गेलं ते मोजता येतं. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा दह्याचा चक्का, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं! पोळी-भाकरीची घाई अजिबात नको.

जेवताना पाण्याचा तांब्या शेजारी ठेवूच नका, हे सवयीमुळे फार जड जातं. जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं घोट घोट प्या. गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) झालं असेल तर उसाचा रस, सरबत टाळा. साखर झपकन आतड्यात उतरते, मग घाम, धडधड, जुलाब.

घरच्यांनी “अजून एक घास” म्हणून आग्रह करू नये. उलट्या थांबत नसतील किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.