व्हीएम आणि होस्टला नेटवर्कशिवाय बोलतं करायचं: व्हीसॉक

परवा गुरुवारी कर्वेनगरला सकाळपासून लाईट नव्हती, वायफाय बंद, सगळं बॅटरीवर, आणि खालच्या मजल्यावरची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी लॅपटॉप घेऊन वर आली, ताई व्हीएममधून होस्टला डेटा जातच नाहीये, कालपर्यंत जात होता. व्हीएम म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर, आणि होस्ट म्हणजे तो चालवणारा खरा लॅपटॉप. बघितलं तर तिने व्हीएमचं नेटवर्क ब्रिज करून केबलने घरच्या राउटरला जोडलेलं, आयपी राउटर देणार, आणि राउटरच बंद. म्हणजे एकाच लॅपटॉपच्या पोटातल्या दोन प्रोग्रॅमना बोलायला बाहेरचा डबा लागत होता. मी पण पूर्वी ह्यात दोन दिवस घालवलेत, माझ्याकडे व्हीपीएन चालू केला की १९२.१६८.१२२ वाला, म्हणजे व्हीएमकडे जाणारा रूट गायब व्हायचा आणि मी फायरवॉल तपासत बसायचे. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

ह्याचं उत्तर व्हीसॉक. लिनक्समध्ये हा सॉकेटचा (प्रोग्रॅम ज्यातून एकमेकांशी बोलतात त्या टोकाचा) वेगळा प्रकार आहे, एएफ_व्हीसॉक, २०१३ मध्ये ३.९ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आला तो व्हीएमवेअरच्या लोकांनी दिलेला, आणि केव्हीएमवाल्यांना (केव्हीएम म्हणजे लिनक्समधलीच व्हीएम चालवायची सोय) उपयोगी पडणारा व्हर्टिओचा, म्हणजे व्हीएममधल्या आभासी उपकरणांचा ड्रायव्हर २०१६ मध्ये ४.८ कर्नलला आला. ह्यात आयपी नाही, राउटिंग नाही, डीएचसीपी नाही. फक्त दोन आकडे, सीआयडी म्हणजे कोणतं मशीन आणि पोर्ट म्हणजे त्यातला कोणता प्रोग्रॅम.

माझी आजी सदाशिव पेठेत वाड्यात राहायची. मालकांना निरोप द्यायचा तर कोणी दिंडी दरवाज्यातून रस्त्यावर जाऊन परत आत येत नसे, चौकातून सरळ मालकांच्या ओटीवर जायचं. व्हीसॉक म्हणजे तो चौक. मालकांची खोली ठरलेली, होस्टचा सीआयडी कायम २. भाडेकरू म्हणजे व्हीएम, त्यांचे नंबर ३ पासून पुढे, ते आपण द्यायचे. ० हायपरव्हायजरसाठी (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) राखीव आणि १ म्हणजे स्वतःशीच बोलायचं, तो लूपबॅक ५.६ कर्नलपासून चालतो. एक गोष्ट मात्र वाड्यासारखी नाही, दोन भाडेकरू आपापसात बोलू शकत नाहीत. गेस्टने, म्हणजे व्हीएमने, पाठवलेलं होस्टच्या नावाचं नसेल तर व्हीहोस्ट (होस्टच्या कर्नलमधला हे काम बघणारा भाग) ते टाकून देतो. दोन व्हीएमना बोलायचं असेल तर मध्ये होस्टवर रिले, म्हणजे निरोप पुढे देणारा प्रोग्रॅम, ठेवावा लागतो.

आता करायचं काय. मी लिहितेय ते क्यूएमू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) आणि केव्हीएमसाठी, कमांड उच्चाराप्रमाणे देतेय, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत टाका.

आधी होस्टवर मॉड्यूल लोड करा, सुडो मोडप्रोब व्हीहोस्ट_व्हीसॉक. मग डेव्ह फोल्डरमध्ये व्हीहोस्ट-व्हीसॉक नावाची फाईल दिसली पाहिजे, नाही दिसली तर पुढे जाऊच नका. तिचा ग्रुप बहुतेक ठिकाणी केव्हीएम असतो, तुमचा यूजर त्या ग्रुपमध्ये नसेल तर परमिशन डिनाईड येणार, ग्रुपमध्ये टाका आणि लॉगआउट करून परत या, नुसतं नवीन टर्मिनल उघडून भागत नाही.

मग क्यूएमूच्या कमांडला एवढंच जोडायचं: -डिव्हाइस व्हीहोस्ट-व्हीसॉक-पीसीआय,गेस्ट-सीआयडी=३. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळायचं साधन) वापरत असाल तर व्हर्श एडिट करून डिव्हायसेसच्या आत व्हीसॉकचा टॅग टाका, मॉडेल व्हर्टिओ, आणि त्याच्या आत सीआयडीचा टॅग, ऑटो नो आणि अ‍ॅड्रेस ३. ऑटो यस पण चालतं, लिबव्हर्ट स्वतः मोकळा नंबर देतो, पण मग स्क्रिप्टला दरवेळी नंबर शोधावा लागतो, मला नंबर हाताने दिलेला बरा वाटतो. दोन व्हीएमना एकच नंबर दिलात तर दुसरी सुरूच होत नाही, अनेबल टू सेट गेस्ट सीआयडी, अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज असा एरर येतो. व्हीएम क्लोन केल्यावर हे हमखास होतं.

गेस्टमध्ये सहसा काहीच करावं लागत नाही, ड्रायव्हर आपोआप लोड होतो. एलएसमॉड करून व्हीएमडब्ल्यू_व्हीसॉक_व्हर्टिओ_ट्रान्सपोर्ट दिसतंय का बघा. नावात व्हीएमडब्ल्यू बघून घाबरू नका, त्या मुलीला वाटलं चुकून व्हीएमवेअरचंच काहीतरी आलंय आणि ती ते काढून टाकायला निघाली होती. मूळ कोड तिकडून आला म्हणून नाव तसं राहिलंय, आपल्याला हवा तो हाच.

कोड लिहायच्या आधी सोकॅटने (दोन टोकं एकमेकांना जोडून देणारी कमांड) तपासा, व्हर्जन १.७.४ किंवा पुढचं लागतं, जुन्यात व्हीसॉक नाही. गेस्टमध्ये सोकॅट, मग व्हीसॉक-लिसन कोलन ५०००, मग स्पेस देऊन एक डॅश. होस्टवर सोकॅट, डॅश, आणि व्हीसॉक-कनेक्ट कोलन ३ कोलन ५०००. होस्टवर काहीतरी टाईप करून एंटर मारा, गेस्टमध्ये उमटलं की झालं. आम्ही हे केलं तेव्हा लाईट अजून आलेली नव्हती, तिने "काय चाललंय" असं टाईप केलं आणि ते पलीकडच्या काळ्या खिडकीत उमटलं, तिने नेटवर्कचं चिन्ह परत परत बघितलं, त्यावर फुली होती.

पायथनमध्ये ३.७ पासून हे आहेच, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. सॉकेट बनवताना एएफ_आयनेटच्या जागी एएफ_व्हीसॉक, प्रकार सॉक_स्ट्रीम. ऐकणाऱ्याने बाइंड करताना पत्ता म्हणून जोडी द्यायची, व्हीएमअ‍ॅडर_सीआयडी_एनी आणि ५०००. गेस्टकडून होस्टला जोडायचं तर कनेक्टला २ आणि ५०००, होस्टकडून गेस्टला तर ३ आणि ५०००. दोन्ही पूर्ण आकडे, आयपीसारखं स्ट्रिंगमध्ये टाकायचं नाही. लिसन, अ‍ॅक्सेप्ट, सेंड, रिसीव्ह सगळं टीसीपीसारखंच. पोर्ट ३२ बिटांचा आहे त्यामुळे ६५५३५ ची मर्यादा नाही, पण १०२४ च्या खालच्या पोर्टवर ऐकायला रूट लागतो, ते इथेपण तसंच.

आता खरी गोम. स्ट्रीम म्हणजे नळाचं पाणी, तुम्ही दोन तांबे ओतलेत म्हणून पलीकडे दोन तांबेच निघतील असं नाही. तिच्या प्रोजेक्टमध्ये गेस्ट सेन्सरचं रीडिंग जेसन करून (ठरावीक साच्यातल्या मजकुरात बसवून) पाठवत होता आणि होस्ट रिसीव्ह ४०९६ करून सरळ जेसन लोड्स करत होता. एकेक रीडिंग जायचं तोपर्यंत सगळं छान, १०० रीडिंग एकत्र पाठवली की जेसन डिकोड एरर, आणि तोही कधी येणार कधी नाही. तिला वाटलं व्हीसॉकमध्ये बग आहे. बग नाही, मेसेज कुठे संपतो हे पलीकडच्याला सांगितलंच नव्हतं. उपाय जुनाच आहे, आधी ४ बाइटमध्ये लांबी पाठवायची, स्ट्रक्टच्या पॅकने उद्गारचिन्ह आणि कॅपिटल आय वापरून, मग तेवढे बाइट. आणि वाचताना एक छोटं फंक्शन ठेवायचं जे हवे तेवढे बाइट पूर्ण हातात येईपर्यंत लूपमध्ये रिसीव्ह करत राहतं, आणि मध्येच रिकामं आलं तर कनेक्शन तुटलं असं समजून एरर देतं. हे सात-आठ ओळींचं फंक्शन पहिल्या दिवशीच लिहा. ५.१४ कर्नलपासून सॉक_सीक्वपॅकेट पण मिळतं ज्यात मेसेजच्या सीमा कर्नल सांभाळतो, पण दोन्ही बाजूंचं कर्नल नवीन पाहिजे, तेवढी खात्री नसेल तर लांबी पाठवायची पद्धतच बरी.

चाललं नाही तर एरर नीट वाचा, व्हीसॉकचे एरर बरंच खरं सांगतात. होस्टवरून जोडताना नो सच डिव्हाइस आलं तर त्या सीआयडीची व्हीएमच चालू नाही किंवा नंबर चुकलाय. कनेक्शन रीसेट बाय पिअर आलं तर व्हीएम आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. दोन सेकंद थांबून टाईम्ड आउट आलं तर बहुतेक गेस्ट अजून बूट होतोय किंवा त्यात ड्रायव्हर नाही. कोण कुठे ऐकतंय बघायला एसएस डॅश डॅश व्हीसॉक, सोबत डॅश एल.

सुरक्षेचं नीट वाचा, इथे लोक गाफील राहतात. आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्सला व्हीसॉक दिसतच नाही, म्हणजे फायरवॉल लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. होस्टवर व्हीएमअ‍ॅडर_सीआयडी_एनीवर ऐकणारा सर्व्हर त्या मशीनवरच्या सगळ्या व्हीएमना उघडा असतो. अ‍ॅक्सेप्ट केल्यावर समोरच्याचा सीआयडी मिळतो, आणि गेस्टला दुसऱ्याचा सीआयडी लावून खोटं बोलता येत नाही, व्हीहोस्ट तपासतो, त्यामुळे कोणती व्हीएम आहे हे खात्रीने कळतं, तो नंबर आधी तपासा आणि नको असेल तर लगेच बंद करा. पण त्या व्हीएममधला कोणता प्रोग्रॅम, कोणता यूजर हे त्यावरून कळत नाही, आतला साधा यूजरसुद्धा कनेक्ट करू शकतो. तेव्हा काही नाजूक काम होस्टकडून करून घेत असाल तर टोकन वगैरे वेगळं ठेवाच.

दुसऱ्या हायपरव्हायजरवर असाल तर थोडा फरक पडतो. फायरक्रॅकरमध्ये होस्टच्या बाजूला व्हीसॉक नसून युनिक्स सॉकेट असतो, त्याला जोडून आधी कनेक्ट आणि पोर्ट अशी एक ओळ पाठवायची, ओके आलं की पुढे बोलायचं. हायपर-व्हीवर विंडोज होस्टच्या बाजूने आकड्यांऐवजी जीयूआयडी वापरतात. आणि लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) करत असाल तर चालू कनेक्शन तुटतात, ऐकणारे सॉकेट राहतात, म्हणून क्लायंटमध्ये परत जोडायचा लूप हवाच.

शेवटचं, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं. सिस्टिमडी (लिनक्समधल्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्रॅम) २५६ किंवा पुढचं दोन्हीकडे असेल आणि गेस्टमध्ये ओपनएसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारा) असेल तर गेस्ट आपोआप व्हीसॉकच्या २२ पोर्टवर एसएसएच ऐकतो, होस्टवरून एसएसएच, मग यूजरचं नाव, अ‍ॅट, व्हीसॉक स्लॅश ३ एवढं टाकलं की आत. जुन्या डिस्ट्रोवर गेस्टमध्ये सोकॅटने व्हीसॉक २२ वरून लोकलहोस्टच्या टीसीपी २२ ला जोडून ठेवा, फोर्क विसरू नका नाहीतर पहिल्या लॉगिननंतर सोकॅट बंद पडेल, आणि होस्टवर प्रॉक्सीकमांडमध्ये सोकॅट, डॅश, व्हीसॉक-कनेक्ट कोलन ३ कोलन २२. तिच्या व्हीएमचं नेटवर्क कार्ड आम्ही काढूनच टाकलं, चार वाजता लाईट आली तरी परत लावलं नाही.