हेल्म्सडेल आणि किल्डोननमध्ये पूर्वजांचा माग कसा काढावा

नवऱ्याचं, सुनेचं किंवा पणजोबांचं मूळ गाव हेल्म्सडेल, एवढ्या माहितीवर तिकीट काढू नका. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे बंदर 1814 च्या सुमारास सदरलँड जहागिरीने आखून वसवलं. मेंढ्यांच्या कुरणांसाठी 1813 ते 1819 या काळात हेल्म्सडेलमागच्या किल्डोननच्या खोऱ्यातून कुळं हुसकावली गेली. काही रेड रिव्हरला, म्हणजे आजच्या विनिपेगकडे गेली, तर काहींना किनाऱ्यावर मासेमारीला बसवलं. म्हणजे त्याआधीचं घर बहुधा आत खोऱ्यात असणार. त्या वाडीचं नाव निघण्यापूर्वीच हाती हवं.

सुरुवात ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर करा आणि नव्याकडून जुन्याकडे जा. सूची फुकट पाहता येते. दाखल्याच्या प्रतीचे पैसे पडतात. जन्म, लग्न, मृत्यूची नागरी नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली. पहिला पैसा मृत्यूच्या दाखल्यावर घाला: त्यात आई-वडील दोघांची नावं, शिवाय आईचं माहेरचं आडनाव असतं. या आडनावाशिवाय इथे पान हलत नाही. गन, मॅके, सदरलँड, बॅनरमन ही चार-पाच आडनावं आणि जॉन, विल्यम अशी मोजकी नावं. एकाच नावाचे तिघे एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, सहज निघतात. त्यातून थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची रीत. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसा घोळ.

मग 1851 ची जनगणना पाहा; तिच्यात जन्माचं पॅरिश दिलेलं असतं. 1841 च्या जनगणनेत जन्म त्याच परगण्यातला की बाहेरचा, एवढंच कळतं आणि पंधरा वर्षांवरील लोकांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली ओढलेली असतात. वय जुळत नाही म्हणून माणूस बाद करू नका. 1855 पूर्वी फक्त चर्चच्या वह्या. त्यांत बहुतेकदा जन्म नव्हे, बाप्तिस्मा नोंदलेला असतो. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळं झालं; तिकडे गेलेलं कुटुंब जुन्या चर्चच्या वहीत दिसेनासं होतं.

माणूस मुंबई इलाख्यात नोकरीला आला असेल, तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या ‘एन/3’ मालिकेत शोधा.

वाडीचं नाव मिळालं की नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातला सहा इंची (मैलाला सहा इंच या प्रमाणाचा) नकाशा उघडा आणि आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवा. गेलिक नावांचं स्पेलिंग दर कागदात बदलतं, म्हणून मोठ्याने वाचून जुळवा. जागेचे अक्षांश-रेखांश आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. खोऱ्यात नेटवर्कचा भरवसा नाही.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतो, युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही. इन्व्हरनेसहून हेल्म्सडेलला रेल्वेने सुमारे अडीच तास लागतात आणि दिवसाला गाड्या मोजक्याच. किल्डोननला गाडी मागणीवरच थांबते: फलाटावरच्या यंत्राचं बटण दाबून ती थांबवायची. मोटार असेल तर खोऱ्यातला ए897 रस्ता दुतर्फा वाहतुकीचा, पण एकाच गाडीपुरता रुंद आहे. समोरून गाडी आली की डावीकडच्या पासिंग प्लेसमध्ये (वाट देण्यासाठी रुंद केलेल्या जागेत) शिरा. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर, आपल्याच बाजूला थांबा. तिथे पार्किंग करू नका. हेल्म्सडेलमधल्या ‘टाइमस्पॅन’ संग्रहालयाला आधी ईमेल करा; नाव, वाडी आणि सालं लिहा, नुसतं आडनाव नको.

थडग्यांवरचं दगडफूल खरवडणं, तारेचा ब्रश, खडू, शेव्हिंग फोम, सगळं वर्ज्य. वालुकाश्माचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा, म्हणजे झिजलेली अक्षरं सावलीने उठतात. बायकांची नावं बऱ्याचदा माहेरच्या आडनावाने कोरलेली असतात. कललेल्या दगडाला टेकू नका.

वाडीच्या जागी आता चौथरे आणि नेचे. जबाबदारीने वागलात तर 2003 च्या कायद्याने मोकळ्या रानात चालायचा हक्क आहे. मात्र ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचे मुख्य दिवस, तेव्हा जहागिरीच्या कार्यालयात विचारूनच डोंगर चढा. नेचे उन्हाळ्यात कमरेपर्यंत वाढून भिंती झाकतात आणि त्यांत गोचीड असतात, म्हणून पँट मोज्यांत खोचा आणि संध्याकाळी अंग तपासा. जून ते ऑगस्ट मिज नावाची चावरी चिलटंही छळतात. चौथरे पाहायला एप्रिल-मे उत्तम, फक्त मेंढ्या विण्याचा हंगाम असतो, तेव्हा कुत्रा नेऊ नका.