जहाजावर फोन लावण्याआधी

माझा मुलगा मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे, आम्ही कर्वेनगरला. पुण्यात अशी घरं बरीच आहेत, म्हणून हे लिहिते.

मुलगा निघण्याआधी जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) आणि ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतल्या, सॅटेलाइट फोनचा नंबर वहीत लिहून घ्या. इनमारसॅट या सॅटेलाइट फोन सेवेचे नंबर ८७० ने सुरू होतात. हा कुठल्या देशाचा कोड नाही, उपग्रहाचा आहे. आपल्या मोबाइलवर आयएसडी सुरू आहे का, तेही आधीच बघून ठेवा. हा कॉल नेहमीच्या परदेशी कॉलपेक्षा फार महाग पडतो, त्यामुळे तो अडीअडचणीपुरताच. एरवी त्यालाच करू द्या. फोन ड्यूटीवरचा अधिकारी उचलतो, म्हणून आधी मुलाचं नाव आणि हुद्दा सांगा.

बोलताना एक गोष्ट फार महत्त्वाची. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आपला आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, त्याचं उत्तर यायला आणखी पाव. पहिल्यांदा आम्ही दोघं सारखं "हॅलो, हॅलो" करत एकमेकांचं बोलणं तोडत राहिलो आणि मिनिटं वाया गेली. आता मी एक वाक्य बोलते आणि थांबते. मुद्दे आधी कागदावर लिहिलेले असतात, औषधाचं आणि पैशांचं सगळ्यात वर.

आणि हो, परदेशातून येताना थुराया किंवा इरिडियम या कंपन्यांचा सॅटेलाइट फोनचा हँडसेट आणू नकोस, हे त्याला बजावून सांगा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात तो बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर अटकही होऊ शकते.