घरातील ज्येष्ठांना स्वतःच्या हाताने लावता येईल असा संगीत-प्लेअर

घरातील वडीलधाऱ्यांसाठी डिजिटल संगीताची सोय करताना बहुतेक जण आधी यंत्र विकत घेतात आणि मग ते शिकवायला बसतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे अनुभवांती ठाम मत झाले आहे. दादरच्या आमच्या घरी आईसाठी मी प्रथम मोबाइलच्या अ‍ॅपवर चालणारा एक महागडा प्लेअर आणला होता. मी घरी असेपर्यंत तो वाजत असे आणि मी सकाळची लोकल पकडायला बाहेर पडलो की दिवसभर मुका राहत असे. आईला यंत्र कळत नव्हते, असे मुळीच नाही. ते अ‍ॅप तिला कलाकार, अल्बम आणि जॉनर विचारत होते आणि तिने जन्मात कधी या शब्दांत गाणे मागितले नव्हते.

म्हणून पहिले काम वहीचे आहे. आठ-दहा दिवस स्वयंपाकघराजवळ एक छोटी वही ठेवावी आणि गाणे मागताना घरातील व्यक्ती नेमके कोणते शब्द वापरते, ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. आमच्या वहीत ‘सकाळचे अभंग’, ‘बालगंधर्वांची पदं’, ‘गुरुवारचं दत्ताचं’, ‘दुपारी पडल्या पडल्या ऐकायची भावगीतं’, ‘भीमसेन, पण गाणं, अभंग नको’ अशा नोंदी झाल्या. हीच आपल्या फोल्डरांची नावे. आठ ते दहा फोल्डर पुष्कळ झाले. हजारो गाणी भरण्याचा मोह आवरावा, कारण नको असलेली गाणी पुढे ढकलत राहणे हेच या वयात सर्वांत कंटाळवाणे काम ठरते.

यानंतर क्रम लावावा. गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचे प्रसारण सुरू झाले आणि त्यातील ५६ गीतांमधून कथा क्रमाने पुढे सरकते. ही गीते प्लेअरने नावाच्या अक्षरानुक्रमे वाजवली, तर कथेचा धागाच तुटतो. फाइलच्या नावाआधी केवळ १, २, ३ लिहून भागत नाही. अनेक यंत्रे १ नंतर १० आणि ११ वाजवून मग २ कडे वळतात, त्यामुळे ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत. पेनड्राइव्ह लावून वाजणाऱ्या साध्या स्पीकरमध्ये आणखी एक अडचण असते. त्यांतील बरेचसे स्पीकर नावाकडे पाहतच नाहीत आणि फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर उतरवल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी पेनड्राइव्ह रिकामा करून फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करावा आणि फोल्डर व त्यांतील गाणी हव्या त्या क्रमाने एकामागून एक पुन्हा भरावीत. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह घेऊ नये, कारण मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि जुन्या धाटणीच्या स्पीकरना ते वाचता येत नाहीत. शिवाय मोठ्याची गरजही नसते. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट दराच्या, एमपी३ फाइलला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते, म्हणजे पाच मिनिटांची तीन हजार गाणी १६ जीबीमध्ये सहज मावतात.

शास्त्रीय संगीताच्या फोल्डरला शफल, म्हणजे गाणी कशीही उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय, कधीही लावू नये. विलंबित ख्यालानंतर त्याच रागातील द्रुत बंदिश यायला हवी आणि ध्वनिमुद्रिकेवर ती वेगळ्या ट्रॅकवर असली, तर शफल त्यांच्यामध्ये भलतेच काही आणून ठेवते. माझा उपाय असा की सकाळच्या आणि संध्याकाळच्या रागांचे दोन वेगळे फोल्डर करावेत आणि यंत्रावरील शफलची कळ चिकटपट्टीने झाकून टाकावी.

गाण्यांसोबत असलेली माहिती, म्हणजे टॅग, पडद्यावर दिसणार असतील तरच त्यांवर वेळ घालवावा. एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड यांसारख्या प्रोग्रॅमने एका गायिकेच्या नावाची चार-पाच वेगवेगळी रूपे एकसारखी करता येतात आणि शीर्षकांत घुसलेली संकेतस्थळांची नावे काढून टाकता येतात. स्वस्त स्पीकरच्या छोट्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन उमटतात. तेथे कागदी यादीच बरी.

आवाजाच्या पातळीकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते आणि ज्येष्ठांना सर्वाधिक त्रास त्याचाच होतो. जुन्या ७८ गतीच्या तबकडीवरून घेतलेले नाट्यपद बारीक आवाजात वाजते, म्हणून आवाज वाढवावा, तर पुढचे नवे गाणे अंगावर धावून येते. एमपी३गेन हा मोफत प्रोग्रॅम गाणे पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे त्याचा दर्जा न घटवता, त्याची पातळी दीड-दीड डेसिबलच्या पायरीने वरखाली करतो आणि हा बदल मागेही घेता येतो. भावगीतांसाठी प्रत्येक गाण्याची पातळी स्वतंत्रपणे जुळवावी. ख्यालासाठी मात्र संपूर्ण मैफलीची पातळी एकत्र जुळवावी, म्हणजे शांत आलाप आणि भरात आलेली द्रुत यांतील मूळ अंतर टिकून राहते.

आता यंत्राकडे वळू. ज्यांना काहीच जुळवाजुळव करायची नाही, त्यांनी २०१७ साली आलेल्या सारेगामा कारवानसारखे आधीच गाणी भरलेले, कळांचे यंत्र घ्यावे. रेडिओची सवय असलेल्या हाताला ते चटकन जमते. परंतु आपल्याच संग्रहातील गाणी वाजवायची असतील आणि घरातील एखाद्याला दोन रविवार देता येत असतील, तर मी रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकावर चालणारा कार्डांचा प्लेअर सुचवेन. फोनीबॉक्स नावाची मोफत प्रणाली मुळात लहान मुलांसाठी तयार झाली, पण ज्यांची नजर मंदावली आहे आणि ज्यांना पडद्याचा मेनू नकोसा वाटतो, अशा माणसांना ती तितकीच उपयोगी पडते. कार्ड यंत्रावर ठेवले की त्या कार्डाशी जोडलेला फोल्डर वाजू लागतो. कार्डावर गाणे साठवलेले नसते. कार्ड ओळखणारे छोटे उपकरण, म्हणजे वाचक, त्यावरचा क्रमांक वाचून कळफलकाप्रमाणे तो बोर्डाला कळवतो आणि पुढचे काम बोर्ड करतो. हे सारे इंटरनेटविना चालते, त्यामुळे ऐन पावसाळ्यात वाय-फाय गेले तरी सकाळचे अभंग चुकत नाहीत.

बोर्ड, यूएसबीचा आरएफआयडी (रेडिओलहरींनी कार्ड ओळखणारा) वाचक आणि कोरी कार्डे ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. वाचक आणि कार्डे एकाच फ्रिक्वेन्सीची, म्हणजे दोन्ही १२५ किलोहर्ट्झची किंवा दोन्ही १३.५६ मेगाहर्ट्झची आहेत, याची खात्री दुकानातच करून घ्यावी. रास्पबेरी पाय ५ ला हेडफोनचे भोक नसते आणि आधीच्या बोर्डांवर ते असले तरी त्यातून येणारा आवाज सामान्य असतो, म्हणून एक छोटा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचे स्पीकरला लागणाऱ्या संकेतात रूपांतर करणारे उपकरण, जोडावा. अडॅप्टर कंपनीचाच घ्यावा. चौथ्या पिढीच्या बोर्डाला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात आणि फोनच्या जुन्या चार्जरवर तो मध्येच बंद पडतो. वाचक स्टीलच्या कपाटावर किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवू नये, कारण धातूमुळे कार्ड वाचले जात नाही. लाकडी पेटीच्या पातळ झाकणाखाली तो उत्तम चालतो.

कार्डावर मोठे चित्र आणि वहीतले तेच शब्द असावेत. गुरुवारच्या कार्डावर दत्ताची तसबीर आहे. नाट्यपदांच्या कार्डावर मी नुसते नाव लिहिले होते, तेव्हा आईने स्वतःच जुन्या मासिकातले बालगंधर्वांचे छायाचित्र कापून त्यावर चिकटवले.

आपल्याकडे रेडिओ भिंतीवरच्या बटणाने बंद करण्याची सवय आहे आणि ती मोडायला सांगणे योग्य नाही. अचानक वीज गेल्याने मेमरी कार्डावरील प्रणाली बिघडू नये, म्हणून सर्व जुळवणी झाल्यावर रास्पबेरी पायच्या सेटिंगमधील ओव्हरले फाइल सिस्टिम सुरू करावी, म्हणजे बोर्ड मेमरी कार्डावर काही लिहीतच नाही. नवे गाणे भरताना ती तेवढ्यापुरती बंद करावी लागते. यंत्र तयार व्हायला थोडा वेळ जातो आणि त्या अवधीत माणूस गोंधळून पुन्हा पुन्हा बटणे दाबतो. यासाठी सुरुवातीचा आवाज म्हणून तानपुऱ्याचे काही सेकंद ठेवावेत. तानपुरा ऐकू आला की कार्ड ठेवायचे, एवढे एकदा सांगितले तरी पुरते. आवाजाची कमाल मर्यादाही ठरवून द्यावी, कारण चाळीतल्या किंवा जुन्या इमारतीतल्या घराची भिंत पातळ असते.

शिकवताना आपले हात मागे बांधून उभे राहावे. चुकले तरी यंत्राला हात लावू नये. आईने पहिल्या दिवशी दोन कार्डे एकावर एक ठेवली आणि काहीच वाजले नाही. तिने ती स्वतःच वेगळी केली आणि गाणे सुरू झाले. मी पुढे झालो असतो, तर तिने पुढच्या वेळी मलाच हाक मारली असती.

महिन्याभराने कार्डे पाहावीत. ज्यांचे कोपरे मळलेले असतील, त्यांच्यासारखीच दुसरी कार्डे करून ठेवावीत. जी कोरीच्या कोरी राहिली असतील, ती का लावली नाहीत ते विचारून वहीत लिहावे आणि त्यांचे फोल्डर नव्याने भरावेत.